मुद्देमालातले काचेचे डोळे

ते प्रकरण आठवले की आधी मला स्वतःचाच राग येतो आणि मग हात जोडावेसे वाटतात. नोकरीत चोर पाहिले, खुनी पाहिले, हातभट्टीवाले तर पोत्याने पाहिले. त्यांतले बरेचसे विसरलो. हे एक विसरत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावाचे नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी हजेरी घेत होतो, तोच खाडीपलीकडच्या गावातला एक म्हातारा शेतकरी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला आणि कपाळ बडवू लागला.

"सायब, माजी नात न्हेली. सुनंला फूस लावली नि पोरीला न्हेली. आता तिचा डोळा काढतील!"

पाणी पाजून त्याला बोलता केले. नात तीन वर्षांची. मुलगा मालवाहू गलबतावर खलाशी, तो महिनाभर तरी परतणार नव्हता. आदल्या पहाटेपासून सून आणि नात घरात नव्हत्या. रेवसच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्याला सांगितले होते, की सून पोरीला घेऊन मुंबईच्या लाँचमध्ये चढली आणि बरोबर नर्सबाई होती.

नर्सबाई म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्या गावात तिघांनी मिळून एक मंडळ काढले होते. एक निवृत्त हेडमास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. दुसरी ही नर्सबाई. तिसरे लाकडाच्या वखारीचे मालक, ज्यांना सगळा गाव चाचा म्हणायचा. मंडळ रीतसर नोंदलेले, तिघे त्याचे विश्वस्त, पगार कुणालाच नाही. लहान मुलांच्या डोळ्यात क्वचित होणाऱ्या कर्करोगासाठी मदत करतो, असे ते सांगत. पण मदत कुणाला केली, ते कधीच सांगत नसत. आता अशा मंडळाविषयी लोक काय बोलतील? मुले नेतात आणि एका डोळ्याने परत आणतात, डोळे विकतात, असली कुजबुज माझ्याही कानावर आली होती. कर्करोग लहान मुलांना होतो, तोही डोळ्यात, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

अपहरणाची फिर्याद लिहून घेतली, दोन पंच बोलावले आणि गुरुजींच्या घराची झडती घेतली. माझा जमादार धिप्पाड माणूस, मुडदे उचलताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. तो आतल्या खोलीतून ओरडला, "साहेब! डोळे!"

कपाटात एक लाकडी पेटी होती. आत कापसावर सात डोळे मांडलेले, काही लहान, काही मोठे, सगळे टक लावून आमच्याकडे बघणारे. एक पंच तर देवाचे नाव घेत अंगणातच पळाला. मी एक उचलून पाहिला. काचेचा होता. पेटीखाली एक वही होती. तिच्यात लिहिले होते: अबोली, उजवा, काढला. जुई, डावा, काढला. शेवंती, डावा, गुरुवारी काढायचा.

तो दिवस बुधवार होता.

पंचनामा करून वही आणि पेटी मुद्देमालात घेतली आणि गुरुजींना ठाण्यावर आणले. सडपातळ, पासष्टीचे गृहस्थ, अंगावर धुवट कोट. खुर्चीवर शांत बसले. मी विचारले, ही शेवंती कोण?

"ह्यांचीच नात असणार. मला नाव ठाऊक नाही."

"तुमची वही आणि तुम्हाला नाव ठाऊक नाही?"

"आमची रीतच तशी आहे. मुलाच्या घरी आमच्यापैकी एकानेच जायचं. नाव-गाव त्या एकालाच माहीत, बाकीच्यांना फुलाचं नाव. शेवंतीच्या घरी नर्सबाई गेल्या होत्या. मुंबईच्या इस्पितळात आहेत सगळ्या. डोळ्यात गाठ आहे. उद्या सकाळी डोळा काढला तर पोर जगेल. राहिला, तर गाठ मेंदूत शिरेल."

"आणि पेटीतले डोळे?"

"बसवायला. मूल वाढतं तसा डोळा मोठा लागतो, बदलावा लागतो."

ऐकायला सगळे बरोबर होते. पण बरोबर बोलणारे लबाड मी पुष्कळ पाहिलेले. मी म्हणालो, "बरे झालेले एक तरी मूल दाखवा. एकच नाव सांगा. मी माणूस पाठवून खात्री करतो आणि तुम्हाला सोडतो."

"नाही सांगता येणार. शब्द दिलाय. डोळा गेल्याचं कळलं तर ह्या मुलींना घर कोण देणार, साहेब?"

चढ्या आवाजात विचारले, गोड बोलून विचारले, कोठडीचा दरवाजा उघडून दाखवला. तीन तास. माणूस ढिम्म. शेवटी वैतागून म्हटले, "अहो, तुम्हाला ह्यात मिळतं तरी काय?"

"माझी मुलगी ह्याच दुखण्यानं गेली. डोळा काढू नका म्हणून मीच अडून बसलो होतो. डोळा राहिला, मुलगी गेली."

हेही मला पाठ केलेले वाटले. हे लिहिताना आज मान खाली जाते.

इस्पितळाला फोन लावायचा तर पोस्टातून ट्रंक कॉल, आणि लाइन संध्याकाळपर्यंत मिळेल याची खात्री नव्हती. मी मुंबई पोलिसांना तार लिहिली: मूल ताब्यात घ्या, शस्त्रक्रिया थांबवा, परत पाठवा. म्हाताऱ्याला वाचून दाखवली तर तो माझ्या पाया पडला. तार जमादाराच्या हातात दिली. तो टोपी चढवत होता तेवढ्यात दारात मुलींच्या शाळेतली मास्तरीण उभी राहिली.

वीस वर्षांची असेल. गावातलीच, नाकीडोळी नीटस, बघताना मान किंचित तिरपी करायची सवय. माघात तिचे लग्न ठरलेले. साखरपुड्याचे पेढे आमच्या ठाण्यावरही आले होते. गुरुजींना नेल्याचे ऐकून मधल्या सुट्टीत खडूने भरलेल्या हातांनी ती तशीच आली होती.

तिला बघून गुरुजी ताडकन उठले. "तू इथं कशाला आलीस? घरी जा! आधी घरी जा बघू!"

मी चमकलो. तीन तास न हललेला माणूस चळाचळा कापत होता. चौकशीत माणूस कशाला भितो ते बघावे, असे आम्हाला शिकवतात. हा कोठडीला भ्यायला नव्हता, पोरीला बघून भ्याला होता.

ती म्हणाली, "गुरुजी, शब्द तुम्ही दिलाय. मी कुणाला दिलेला नाही."

मग ती म्हाताऱ्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली. "आबा, माझ्याकडं बघा. ह्यातला खरा डोळा कुठला?"

म्हातारा गोंधळला. "म्हंजी? दोनी खरंच हायत की."

"नीट बघा."

त्याने निरखून पाहिले आणि बोट दाखवले, "ह्यो."

तिने त्याच डोळ्याच्या बुबुळावर नखाने टकटक वाजवले. कपबशीवर वाजावे तसा आवाज झाला. जमादार मटकन बाकावर बसला. मी तिला रोज रस्त्यात बघत होतो, दोन वर्षे, पोलिसाच्या नजरेने, आणि मला पत्ता नव्हता!

"मी अडीच वर्षांची होते," ती म्हणाली. "बाहुलीत पांढरं चमकायचं, मांजराच्या डोळ्यासारखं. तुमच्या नातीचंही तसंच चमकतं ना?"

"व्हय," म्हातारा पुटपुटला. "दिव्याम्होरं चमकतंय."

"वहीतली पहिली अबोली मीच. डोळा काढला म्हणून आज तुमच्यापुढं बसलेय. नाही तर गुरुजींच्या मुलीसारखी गेले असते. आबा, पोर पाहिजे की डोळा पाहिजे, तेवढं सांगा."

म्हाताऱ्याने पागोटे काढून तोंडाला लावले आणि तो हुंदके देऊन रडू लागला. "पोर. माजी पोर पायजे."

मी जमादाराच्या हातातून तार घेतली आणि फाडली. इतक्यात चाचा धावत आले. मुंबईहून नर्सबाईंचा निरोप दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर त्यांच्या वखारीत आला होता: आईची सही चालत नाही, बाप नाही तर आजोबा आणा, सकाळच्या आत.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "चूक आमची. आईनं हो म्हटलं की पुरे, बाकी घरात कळू द्यायचं नाही, ही आमची रीत. आजोबांकडे मी स्वतः यायला हवं होतं."

मी म्हणालो, "माफीचं नंतर बघू. लाँच किती वाजता?"

"चाराची," चाचा म्हणाले, "आणि ती काय आपल्या बापाची नाही, साहेब. थांबायची नाही. माझा ट्रक बाहेर उभा आहे, चला!"

म्हाताऱ्याला मधे बसवून मी आणि चाचा रेवसला निघालो. धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँचवर चढायची फळी काढत होते. माझी खाकी बघून लाँचच्या तांडेलाने फळी पुन्हा टाकली आणि आम्ही चढलो. सगळ्या नोकरीत वर्दीचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा केलेला नाही.

सकाळी इस्पितळात म्हाताऱ्याने कागदावर अंगठा उठवला. सून भिंतीला चिकटून उभी होती, सासरा आता मारतो की काय, अशी. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाय, तू शानी. मी येडा." पोर वाचली. पुढे काही वर्षांनी तिला शाळेच्या अंगणात सागरगोटे झेलताना पाहिले.

फिर्याद निकाली काढायची तर मास्तरणीचा जबाब कागदावर घेणे भाग होते. मी तिला म्हटले, नाव लिहावे लागेल, कोर्टात जाईल, लोकांना कळेल. ती म्हणाली, "लिहा. गुरुजींचं नाव आरोपी म्हणून लिहिताना तुम्ही विचारलं नव्हतं, मग माझं लिहायला कशाला विचारता?"

आठ दिवसांत मुलाकडच्यांनी लग्न मोडले. गुरुजी मला एवढेच म्हणाले, "तिनं काय दिलंय ते विसरू नका." त्यानंतर मात्र वेगळेच झाले. आया भर दिवसा मुले कडेवर घेऊन शाळेत येऊ लागल्या, मास्तरणीला विचारू लागल्या. ज्यांना चालेल त्यांची खरी नावे वहीत आली. ती मंडळाची चौथी विश्वस्त झाली. पुढे तिचे लग्न झाले, सगळे आधी सांगून झाले.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. गप्प बसणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवतो, हे मी आधीपासून मानत होतो आणि ते खरेच आहे. पण तो स्वतःचे लपवतो की दुसऱ्याचे झाकतो, हे बघायला मला त्या दिवशी एका विशीतल्या मुलीने शिकवले. माझ्या हातून एक पोर मारले जाणार होते, सरकारी तारेने, रीतसर, स्टेशन डायरीत नोंद करून. ते तिने होऊ दिले नाही. त्या जिवाचे ओझे घेऊन मला म्हातारपण काढावे लागले नाही, ते तिच्यामुळे.

बाई, हे तुमच्या वाचनात आले तर तुम्ही ओळखाल. त्या दिवशी मी तुम्हाला बसायला खुर्ची दिली नाही. जबाब झाल्यावर सही घेतली आणि "जा आता" म्हणालो. आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानतो.