शेवटची ओळ कोणी वाजवली?

माझी नोकरीच मुळी मीटरवर विश्वास ठेवण्याची आहे. भिलाईच्या प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे मी... काटा हलला तर काहीतरी घडलं, नाही हलला तर नाही घडलं. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर जेवताना तोंडी लावायला वाचत आलो. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही मूळचे गोंदियाकडचे. बाबा प्लँटमध्ये लागले आणि सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये आम्ही इथलेच होऊन गेलो. पण भादव्याची पौर्णिमा झाली की आजूबाजूच्या मराठी बायका अजून हौसेने भुलाबाई मांडतात. खेळायचं खरं तर मुलींनी, पण मुली कोचिंगला असतात, म्हणून आयाच खेळतात! मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे, म्हणजे पार्वती-शंकरापुढे, गाणी म्हणायची, आणि शेवटी बंद डबा खुळखुळवून आत खाऊ काय आहे ते ओळखायचं.

यातल्या एका गाण्यावरून आमच्या घरात मोठं राजकारण झालेलं. शेवटच्या ओळीची चाल आईच्या माहेरी वर चढत जाते. माझी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आई-बाबा तिला 'बाई' म्हणतात. ती म्हणते की ओळ खाली उतरते. काही वर्षांपूर्वी आत्याने भर बायकांत आईला टोकलं, आईने भर बायकांत उत्तर दिलं... झालं! आत्या राहायची चरोद्याला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. स्कूटरवर जाण्याइतकं जवळ, पण आई तिकडे फिरकेना. आत्या सणाला यायची आणि आई समोर बसलेली असताना बाबांना म्हणायची, "सांग तुह्या बायकोले, चहात साखर कमी आहे." बायकांनी यावर तोडगा काढला होता. शेवटची ओळ यायच्या आत कोणीतरी डबा खुळखुळवायचा आणि गाणं तिथेच संपवायचं.

यंदा आत्याचे यजमान रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं आणि मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं. बाबांना चैन पडेना. एक दिवस मला म्हणाले, "बाई अशीच रुसून गेली तं मले गोड नाही लागणार रे. यंदा भुलाबाईले तिले बोलावून राहिलो. तू गिटार वाजव. वाजवणारा असला म्हणजे भांडाले वेळ नाही भेटत."

बाबांचं हे लॉजिक मला पटलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून हो म्हणालो.

रविवारी दुपारी पुढच्या खोलीत बायका जमल्या. मी माझी इलेक्ट्रिक गिटार डिले पेडलमधून स्पीकरला जोडली. हा पेडल म्हणजे एक छोटी डबी. तुम्ही वाजवलेला सूर ती धरून ठेवते आणि जरा वेळाने परत सोडते. एरवी मूळ सूर आणि त्याचा प्रतिध्वनी दोन्ही ऐकू येतात. पण आदल्या दिवशी गंमत म्हणून मी बटण फिरवून मूळ सूर पूर्ण बंद केला होता, नुसता प्रतिध्वनी ठेवला होता... आणि तसंच विसरलो! तार छेडली तर स्पीकर गप्प. आणि मग मागून, उशिरा, सूर आला.

"अगो बाई! हात आधी अन् आवाज मंग!" शेजारच्या सुषमाकाकू ओरडल्या. सगळ्या हसत सुटल्या. मी बटण सरळ करायला वाकलो, तर आत्या म्हणाली, "राहू दे नं. कावून बंद करून राहिला? कोणी दुरून म्हणून राहिलं असं वाटते."

मग तसंच वाजवलं. हात थोडा आधी चालवायचा, म्हणजे सूर बायकांच्या टाळीवर बरोबर पडायचा. मजा येत होती. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला आत्या, दोघी भुलोजीकडे बघत गात होत्या, एकमेकींकडे नाही.

ते गाणं आलं. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी मी तारांवर तळवा ठेवला. मला कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती! स्पीकरमधून मागचा सूर आला आणि विरला. सुषमाकाकूंनी डब्याला हात घातला...

आणि स्पीकरमधून शेवटची ओळ वाजली.

अख्खी. माझ्याच गिटारचा आवाज, आणि माझा तळवा तारांवर घट्ट. अंगावर सर्रकन काटा आला. पण आई आणि आत्या थांबल्याच नाहीत. दोघींनी ती ओळ उचलली आणि एकमेकींकडे बघत, एका आवाजात, शेवटपर्यंत म्हटली. डबा कोणी खुळखुळवलाच नाही. आत्याने सरकत येऊन आईचा हात धरला, आणि बाबा दारामागे नाक पुसत उभे होते.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर आई मागोमाग. कुजबुजत म्हणाली, "पाहिलं? बाईनं शेवटी माहीच चाल म्हटली. मी काही बोलली नाही. मोठ्या आहेत, कायले लाजवायचं!"

संध्याकाळी आत्याला स्कूटरवरून चरोद्याला सोडत होतो. मागून माझ्या कानाशी म्हणाली, "शोभानं माही चाल म्हटली बरं का आज. मनानं चांगली आहे तुही आई. मी तोंडावर काही बोलली नाही."

मी स्कूटर पडता पडता सावरली.

सुषमाकाकूंच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग आहे. मी कितीदा तरी ऐकलंय. दोघी अगदी एकच चाल म्हणताहेत, पण ती ना वर चढते ना खाली उतरते. एका सुरावर सरळ चालत जाते आणि हळूच थांबते. हे मी दोघींना वेगवेगळं ऐकवलं. दोघीही म्हणाल्या, "हेच तं म्हणून राहिली मी!"

पेडल मी उघडून बघितला. त्यात एका सेकंदापेक्षा जास्त काही साठतच नाही, आणि प्रतिध्वनी एकदाच येईल असं सेटिंग होतं. स्पीकरला ब्लूटूथ नाही. इन्स्ट्रुमेंटेशनमधल्या दोस्तांना विचारलं, तर त्यांनी मला सुट्टी घ्यायचा सल्ला दिला.

आई नंतर आठवडाभर चरोद्याला जाऊन राहिली, आत्याची भांडी बांधायला. आत्या नागपूरला निघाली तेव्हा दोघी अशा रडल्या की बाबांनाच दोघींना पाणी द्यावं लागलं. आता रोज फोन असतो. तास तास.

कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा, ऐकायची फार उत्सुकता आहे... पण मलाच सांगा. त्या दोघींच्या कानावर जाऊ देऊ नका.