अडुळशाचं सिरप आणि रुसलेल्या मावशी

मंडळी, आज फार थकले. पारशिवनीजवळच्या सरकारी दवाखान्यात मी आयुर्वेदाची डॉक्टर आहे.

गावातल्या एक मावशी आज पुन्हा अडुळशाचं सिरप मागायला आल्या. खोकला कितीतरी दिवसांचा, त्यात वजन उतरून ब्लाऊजही सैल झालेलं. मी म्हटलं, "मावशी, आधी थुंकी तपासू. टीबी नाही ना, ते पाहू."

त्या भडकल्याच. "सिरपनं मले बरं वाटून राहिलं ना म्याडम! मंग काहून नाही देत?"

खोटं नव्हतं ते. अडुळशानं आराम पडतो, म्हणूनच तपासणी लांबत गेली.

खूप समजावल्यावर त्यांनी नमुना दिला, पण तोंड फुगवूनच निघून गेल्या.

माझा या औषधांवर विश्वास आहे. पण बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे तुम्ही घरच्यांना कसं सांगता?