डिकीतला काळा डबा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच आपलेपणानं सरसावून बसू नका. ‘माणूस आहे, चुकतो’ हे वाक्य तर तोंडातच ठेवा. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पुण्याहून बंगळुरूला आलो तेव्हा गाडीही बरोबर आणली. म्हातारी झालेली, पण माझी. मारतहळ्ळीत आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत परशुरामअण्णाचं गॅरेज होतं. माणूस मूळचा निपाणीकडचा, मराठी बोलणारा, म्हणून मी त्याच्याकडे गेलो. बाकीची सोसायटी त्याच्या कामासाठी जायची.

गाडी चढावर दम टाकायला लागली होती. अण्णानं गाडीखाली झोपून पाहिलं. सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर — तो आतून फुटून तुंबला होता. मी म्हटलं, काढून टाका आणि साधा पाइप जोडा, सगळे तेच करतात. तो म्हणाला, “तसलं काम मी करत न्हाई, सर. कायद्यात बसत न्हाई ते. नवा आला की जुना काढू, धूर तपासू, मग गाडी न्या. स्वल्प थांबायला लागंल.”

नवा डबा यायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे मी ऑटोवाल्यांशी हुज्जत घालत महादेवपुऱ्याला ऑफिस गाठलं आणि रोज अण्णाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्याचं चुकलं काय होतं? काहीच नाही. तेच तर सहन होत नव्हतं. गॅरेजवाल्यानं मला कायदा शिकवावा?

अण्णाची एक रीत होती. काढलेला पार्ट तो गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा आणि म्हणायचा, “हात लावा.” नुसतं बघून चालायचं नाही. कागद नाही, सही नाही — गिऱ्हाइकानं पार्टला हात लावला की विषय संपला. मीही लावला. बोटांना काजळी लागली, ती त्याच्याच फडक्याला पुसली.

पुढच्या आठवड्यात डिकी साफ करताना तो जडशीळ डबा रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. मला काय करायचा होता?

मग आमच्या पार्किंगमध्ये एका शेजाऱ्याच्या गाडीचा असाच डबा चोरीला गेला. सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब. त्यात महागडे धातू असतात, हे मला तेव्हा कळलं. बायकोनं विचारलं, आपला जुना कुठंय? आता खरं सांगायला काय जात होतं — भंगारात दिला, कळलं नाही, एवढंच ना? पण ती हसली असती, माहेरी सांगितलं असतं, आणि मला कुणी हसलेलं खपत नाही. मी म्हटलं, अण्णानं परत दिलाच नाही. आणि खोटं उघडं पडू नये म्हणून तेच ग्रुपवर लिहिलं.

एका वाक्यात दोन्ही डबे त्याच्या माथी बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं सोपं असतं.

अण्णा स्वतःहून आला. रविवारी सकाळी, भर पार्किंगमध्ये, दहा-पंधरा जण जमलेले. आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, तुम्ही हात लावलासा का न्हाई? येवढंच सांगा.”

इथं मी घाबरलो असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही — घाबरलो नव्हतो. ज्यानं मला तीन आठवडे ताटकळत ठेवलं, तो माझ्या एका शब्दासाठी ताटकळत उभा होता. मला ते आवडलं. नीट वाचा, आवडलं. मी म्हटलं, “नाही.”

“सरी, सर,” म्हणाला — कानडीतलं ‘ठीक आहे’ — आणि गेटबाहेर गेला.

शेजाऱ्याच्या डब्याचा चोर पुढे दुसरीकडे पकडला गेला. मग अण्णा सुटला? छे! ‘पण यांचा डबा तर त्यानंच खाल्ला ना,’ असं लोक म्हणायचे आणि मी मूग गिळून ऐकायचो. त्याच्या गॅरेजकडे आमच्यातलं कुणी फिरकेना. एक दिवस शटर पडलं, नंतर तिथं दुसऱ्या कुणाचं दुकान आलं. तो कुठे गेला हे मी विचारलं नाही.

मला मात्र सोसायटीनं जागरूक सभासद म्हणून पार्किंग कमिटीवर घेतलं. परशुराम मेकॅनिकला आत सोडू नये, ही नोटीस मीच लिहिली. वॉचमनच्या टेबलामागच्या भिंतीवर ती अजून चिकटवलेली आहे. कमिटीवर आजही मीच आहे. उद्या सकाळी जाता जाता ती फाडली, तरी मला कुणी का म्हणून विचारणार नाही.

फाडलेली नाही.