रिकामं फडकं

भाकर करपल्याचा वास आला की इंग्रजांच्या काळातला आमचा रिसोडजवळचा मळा आठवतो. थोरला भाऊ मोट हाकायचा आणि मी त्याला भाकरी नेऊन द्यायचे. फडकं रिकामं परत यायचं, तरी त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. एका सकाळी तो विहिरीजवळच कोसळला. बाबांनी कासरा धरला, पण एक बैल हलेना. त्यानं सवयीनं माझ्या हातातल्या फडक्यात तोंड घातलं. बाबांना कळलं. त्यांनी चाबूक उगारला. “काहून रे, भाकर बैलाले चारून राह्यला?” भाऊ उठलाही नाही. “पोटात काही गेलं की मले माह्याच आंगाची घिन येते, बाबा.” चाबूक तसाच वर राहिला. आता नातवाचं ताट साफ दिसलं, की मी आधी दारातल्या कुत्र्याकडे बघते.