राणीच्या झग्याचा रंग

माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे व्हिक्टोरियन काळातल्या एका इंग्रज चित्रकाराचं जुनं पुस्तक होतं. इतिहासातले, जुन्या काव्यांतले प्रसंग त्यानं रंगवलेले, पण पुस्तकात सगळी छपाई काळी-पांढरी. त्यातल्या एका चित्रात एक राणी नावेत चढत होती. तिच्या पायघोळ झग्यावरून माझं आणि बाबांचं जे बिनसलं, ते बिनसलंच.

मी तेव्हा नववीत होते. बाबांच्याच तासाला वर्गात ते चित्र उतरवून रंगवायचं होतं. मी झगा हिरवा केला, आईच्या शालूसारखा. बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातला ब्रश घेतला आणि वरून लाल फिरवला. "राणी आहे ती. लालच असणार!" हिरव्यावर लाल बसून नुसता चिखल झाला. त्यानंतर मी ब्रशला हात लावला नाही, बाबांनीही विषय काढला नाही. मी कॉम्प्युटरकडे वळले आणि फिरत फिरत अमेरिकेत वेस्ट विंडसरला येऊन स्थिरावले.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले. तेव्हाच मला कळलं, गाडीनं तासाभरावर असलेल्या म्युझियममध्ये त्याच चित्रकाराचं प्रदर्शन लागलंय आणि नावेतली राणी तिथे आहे. खोटं कशाला बोलू? मी त्यांना चित्रं दाखवायला नेतच नव्हते. मला त्यांच्या तोंडून 'चुकलो' एवढंच ऐकायचं होतं.

गाडीत मी माझ्या बारा वर्षांच्या लेकीला सगळं रामायण सांगितलं.

"सो, ग्रीन असला तर आजोबा सॉरी म्हणणार?" तिनं विचारलं.

"म्हणेन की," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण लाल आहे तो."

म्युझियममध्ये लेक आमच्या पुढे पळाली आणि चित्रापाशी थांबून म्हणाली, "आई, आजोबा, इट्स ब्लॅक!"

काळाच होता. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, राजा मारला गेल्यावर देश सोडून निघालेली राणी. आमच्या पुस्तकात चित्राखालची ओळ वाळवीनं खाल्ली होती. झगा जसा छापला होता तसाच होता, आणि आम्ही बापलेक उगाच इतकी वर्षं अढी धरून बसलो होतो.

हसू यायला हवं होतं. मला रागच आला. एवढा खटाटोप करून माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं.

बाबा समोरच्या बाकावर बसले.

"तुझ्या आईचा शालू होता तो," ते म्हणाले. "मी तेव्हाच ओळखला होता. पण पोरांसमोर मास्तर होतो ना, फिरवला लाल. चुकलो."

तेच ऐकायला मी आले होते. ऐकल्यावर मला फक्त आईची आठवण आली.