न्हाणीमागचं इंजिन

आमच्या घरात वीज आली तेव्हा महाडात वीज नव्हती. ती गेली तेव्हाही नव्हती. मधले चार दिवस मात्र ती फक्त आमच्या घरात होती, आणि त्या चार दिवसांत आमच्या घरातली माणसं जितकी स्वच्छ होती तितकी पुढे कधीही झाली नाहीत.

गोष्ट माझ्या पंचविशीतली, म्हणजे इंग्रज सरकार अजून जागचं हललं नव्हतं तेव्हाची. मी एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत तारा जोडायचं काम करत असे. तंबूच्या मालकाला एके दिवशी धंद्याचा कंटाळा आला आणि तो देशावर निघून गेला. जाताना तेलावर चालणारं इंजिन आणि डायनामो माझ्या गळ्यात मारून गेला. ("सदाशिव, तुझ्यासारखा कदरदान दुसरा नाही," असं म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, असं त्याला म्हणायचं असावं.) मी ते धूड बैलगाडीत घालून घरी आणलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, ओटीवर सुपारी कातरत होते.

"हे काय आणलंस?"

"उजेड!"

अप्पांनी इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली. "उजेड म्हणतोस, पण दिसायला काळाकुट्ट आहे."

उजेडाची गरज मात्र खरी होती. आदल्या वर्षी आमच्या तुळशीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत वारा सुटला, कंदील, समया सगळं फडाफडा विझलं, आणि पुन्हा दिवा लागेपर्यंत शेजाऱ्यांच्या म्हशीने मांडवाचा ऊस खाऊन टाकला होता. नवरीच्या डोक्यावर मांडव नाही! आळीत वर्षभर हसं झालं. तेव्हाच मी ठरवलं होतं, की कधीही न जाणारा उजेड घरात आणायचा.

याला विरोध एकट्या मामांचा. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचा पोलादपूरला गॅसच्या बत्त्या लग्नकार्याला भाड्याने द्यायचा धंदा. त्यांना मुलगा नव्हता आणि जावयाने बत्त्या सांभाळाव्यात असं त्यांच्या मनात फार होतं. इंजिनाची बातमी कळताच ते दुसऱ्या दिवशी हजर!

"जावईबापू, घरच्या बत्त्या हायत की! ह्यो कारखाना कशाला?"

"मामा, बत्तीचा काळ गेला."

"काळ गेला आसंल, पन बत्ती नाय जात," मामा म्हणाले. "पंप मारला की पेटती."

मग अप्पांनी निवाडा केला. "सदा, या तुळशीच्या लग्नात पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्या आरतीपर्यंत तुझे दिवे टिकले, तर खुशाल महाडात विजेचं दुकान काढ. नाही टिकले, तर पोलादपूरला जा आणि मामांच्या बत्त्यांना पंप मार."

म्हणजे घरजावई! माझ्या अंगावर काटा आला. यशोदेच्या, माझ्या बायकोच्या, चेहऱ्यावर मात्र मला हसू दिसलं. (पोलादपूर तिचं माहेर. ही गोष्ट मी तेव्हा लक्षात घ्यायला हवी होती.)

इंजिन बसवायला मी हसनमियाँना बोलावलं. त्यांनी भाताच्या गिरणीवर अर्धं आयुष्य इंजिन चालवलेलं. विहीर जवळ म्हणून त्यांनी न्हाणीमागची जागा निवडली, इंजिनाशेजारी मोठं लोखंडी पिंप ठेवलं आणि दोन नळ्या जोडल्या. "सदाभाऊ, इंजिन म्हणजे बैल. पाण्यावाचून चालायचं नाय. पिंपातलं पाणी इंजिनात जातं, त्याची आग घेऊन परत येतं. पाणी ह्या वरच्या नळीच्या खाली उतरलं, तर इंजिन खलास! समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. तारा जोडणाऱ्याला पाण्याचं काय ते नवल!

पहिल्या संध्याकाळी हसनमियाँनी चाक फिरवलं. भक्! भक्! भक्भक्भक्! ओटीवर, माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात एकदम लख्ख उजेड पडला. दिवा लागला की हात जोडायचे, ही आमच्या घरची शिस्त. आणि सुनेने तिन्हीसांजेला वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, ही आईची शिस्त. सगळ्यांनी हात जोडले. यशोदा अप्पांच्या पाया पडली, आईच्या पडली, आत्याच्या पडली. तेवढ्यात इंजिनाला ठसका लागला आणि उजेड गेला. पुन्हा आला. पुन्हा हात जोडले. यशोदा पुन्हा तिघांच्या पाया पडली. असं नऊ वेळा झालं! दहाव्या वेळी ती खालीच बसून राहिली. "अहो, एकदा काय ते ठरवायला सांगा त्याला," ती कण्हत म्हणाली, "माझी कंबर गेली!"

आईचं दुसरंच चाललं होतं. ती स्वयंपाकघराच्या आढ्याकडे बघत होती. "सदा, बंद कर मेल्याला! एवढी कोळिष्टकं आपल्या घरात? चार बायका येतील, अब्रू जाईल!" (त्या रात्री आमच्या घरात दिवाळीलाही झाली नव्हती अशी झाडलोट झाली.)

खरा घोटाळा पुढेच होता. झाडलोट करून आई हात धुवायला न्हाणीमागे गेली आणि तिने सहज पिंपात बोट घातलं.

"अगं बाई! हे तर तापलंय!"

"तापणारच. इंजिनाची उष्णता..."

"आणि मग काय करतोस याचं?"

"काही नाही. आपोआप निवतं."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तूप गटारात ओततोय. "ऊन ऊन पाणी, बिनलाकडाचं, आणि तू ते निवू देतोस?"

"पण आई, पिंप भरलेलं राहिलं पाहिजे."

"राहील की! आपल्या घरची रीतच आहे. शेवटी आंघोळ करील त्याने हंडा भरून ठेवायचा. तसंच पिंप."

मला ही व्यवस्था अगदी शास्त्रशुद्ध वाटली. मी मान डोलावली!

मग काय विचारता! दुसऱ्या संध्याकाळी घरातली सगळी माणसं दुसऱ्यांदा न्हायली. तिसऱ्या संध्याकाळी आळीतली. इंजिन भकभकू लागलं की लोक टॉवेल खांद्यावर टाकून यायचे आणि म्हणायचे, "उजेड बघायला आलो." उजेड बघून परतताना प्रत्येकाचे केस ओले! आत्याने तर गुडघे शेकायला दोन वेळा आंघोळ केली. तरीही रीत पाळली जात होती. रोज शेवटी आई न्हायची आणि पिंप काठोकाठ भरायची.

चौथा दिवस तुळशीच्या लग्नाचा. मी दुपारपासूनच इंजिन चालू ठेवलं. वृंदावनावर उसाचा मांडव, चिंचा-आवळे, अंगणात चहूकडे दिवे. मामा पोलादपूरहून बैलगाडीने आले, तेव्हा गाडीतल्या गवताखाली काहीतरी उंचवटा दिसला, आणि गवतातून काच चमकली.

"मामा, हे काय?"

"बैलांचं खानं."

"काचेचं?"

मामा जरा चपापले. "आसू द्या, जावईबापू. अडीनडीला आपली एक बत्ती."

"बत्ती गाडीतून खाली उतरता कामा नये!" मी गरजलो. "माझ्या उजेडाचा अपमान आहे हा!" एवढ्यावर न थांबता मी हसनमियाँनाही इंजिनाजवळून उठवलं. "तुम्ही आज पाहुणे. अंगणात बसा. ते आपोआप चालतं."

कार्याच्या आधी आंघोळ तर हवीच. भटजी न्हायले. घाटाखालची धूळ अंगावर घेऊन आलेले मामा न्हायले. शेजारच्या काकू आल्या, आत्या गुडघे शेकून आली. आई तेवढी सकाळीच थंड पाण्याने न्हाऊन सोवळ्यात होती. मीही घाईघाईने चार तांबे अंगावर घेतले, नवं धोतर नेसलो आणि नवऱ्या मुलाच्या बापाच्या ऐटीत अंगणात उभा राहिलो.

अंतरपाट धरला. अप्पांच्या हातात बाळकृष्ण, आईच्या हातात हार. अख्खी आळी लोटली होती. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं आणि माझे दिवे सूर्यासारखे तळपत होते! मी मामांकडे पाहून मिशीला पीळ भरला.

दुसऱ्या मंगलाष्टकाला हसनमियाँनी कान टवकारले. "आवाज बदलला!" म्हणत ते न्हाणीकडे धावले. तिसऱ्याला दिवे पिवळे झाले. सगळ्यांनी हात जोडले. दिवे लाल झाले. सगळ्यांनी पुन्हा जोडले. इतक्यात हसनमियाँ ओरडत परत आले, "पाणी! पाणी!"

"अगो, त्यांना पाणी द्या कुणीतरी!" आत्या म्हणाली. यशोदेने भरला तांब्या त्यांच्या हातात दिला.

"मला नाय! इंजिनाला!"

"त्याला लाडू पण द्या," भटजी मंगलाष्टक न थांबवता म्हणाले.

न्हाणीमागून खर्र्र् करून असा आवाज आला, जणू कुणी दगड खातंय. आणि मग काळोख. ठार काळोख! अक्षता मात्र थांबेनात, कारण काळोखात कुणाला काय चाललंय ते दिसेना. माझ्या तर डोळ्यांपुढे पोलादपूर दिसू लागलं. "ऊस सांभाळा! म्हैस कुठाय?" अप्पा ओरडले. कुणीतरी धडपडत गाडीकडे गेलं, कुणीतरी परत आलं. मुहूर्त जाऊ नये म्हणून आईने अंदाजाने हात पुढे केले आणि हार घातला.

तेवढ्यात फस् फस् फस् असा पंपाचा आवाज झाला आणि अंगणात पांढराशुभ्र उजेड पसरला. बत्ती घेऊन मामा वृंदावनासमोर उभे होते. डोक्यावर अक्षता, आणि गळ्यात तुळशीचा हार!

"म्या फक्त उजेड आनला वो," मामा घाबरून म्हणाले.

लग्न मामांच्या बत्तीत यथासांग झालं, आरती झाली, आणि प्रसाद वाटायच्या आधीच अप्पांनी न्हाणीशी पंचायत भरवली. पिंप कोरडं ठणठणीत. तळाला एक तांब्या आडवा पडलेला. हसनमियाँनी इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्रकन उडाला. "अडकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आता नाय फिरायचं."

"शेवटी आंघोळ कोणी केली?" अप्पांनी विचारलं. मीही कमरेवर हात ठेवून पुढे सरसावलो. माझं अख्खं भवितव्य बुडवणारा माणूस मला बघायचाच होता!

"मी पहिला," भटजी म्हणाले. "माझ्यामागून हे मामा."

"माज्यामागं काकू वाट बगत व्हत्या."

"मी निघाले तेव्हा आत्या उभ्या होत्या."

"माझ्यानंतर..." आत्या थबकली आणि यशोदेकडे बघू लागली. "तू होतीस गो न्हाणीशी टॉवेल धरून. कुणासाठी धरला होतास?"

यशोदेने पदर पुढे ओढला. माझा संताप अनावर झाला. "सांग की! नाव घे त्याचं!"

"नाव?" ती म्हणाली. "असं चारचौघांत?"

"घे!"

बायकांत एकदम खसखस पिकली. "घे गो, घे! आज लग्नच आहे!" यशोदेने खाली बघून ठसक्यात उखाणा घेतला:

"इंजिनाच्या पिंपात पाणी तापलं फार,
शेवटची आंघोळ करून सदाशिवराव झाले पसार!"

पुढच्या आठवड्यात मी पोलादपूरला होतो. मामांनी पहिल्या दिवशी प्रेमाने माझ्या हातात पंप दिला. महाडच्या पिंपात आईने पुढे वीस वर्षं पाणी साठवलं, आणि इंजिनावर आत्या गोधड्या वाळत घालायची.

त्यानंतर विजेचे खांब आले, वीज आली, आणि दर दोन दिवसांनी जाऊही लागली. ती गेली की अजून मी बत्तीला पंप मारतो. आमच्या घरात पहिली आंघोळ माझी असते, आणि पाहुण्यांना वाटतं, घरातल्या कर्त्या माणसाचा केवढा हा मान! मीही तसंच सांगतो. मग यशोदा आतून टॉवेल आणून देते आणि पाहुण्यांदेखत विचारते, "नाव घेऊ का?"