गाण्याखालचा आवाज

विसरवाडीच्या चौफुलीवर माझा स्टुडिओ आहे. नवापूरपासून अक्कलकुव्यापर्यंत किती नवरदेव घोड्यावर चढताना टिपले, त्याची मोजदाद नाही. कामाची रीत सगळ्यांची एकच. हळदीला बायका गातात, पण मध्येच कोणी खोकतं, कोणी टाकी भरली का विचारतं, मागे जनरेटर धडधडत असतो. म्हणून एडिटिंगला बसलं की तो आवाज आधी पुसायचा आणि त्या जागी सिनेमातलं गाणं चढवायचं. गिऱ्हाईक खूश. ते गाणं कोणाच्या मालकीचं, असं आमच्या धंद्यात कोणी कोणाला विचारत नाही.

मुलीच्या लग्नात हळदीला बायको गायली. गल्लीतल्या प्रत्येक हळदीला तिला बोलावणं असायचंच. घरचं काम म्हणून मी जास्तच मन लावून फिल्म केली. ती बघताना बायको म्हणाली, "मन्हा आवाज कोठे गया?"

मी म्हटलं, "तुन्हा आवाजले कोन इचारस?"

ती हसली. बाकीच्या बायकाही हसल्या. पुढच्या तिथीला कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मी दुसऱ्या लग्नाला गेलो.

दोन वर्षांनी ती तापाचं निमित्त होऊन गेली, आठवड्याच्या आत. लोक म्हणाले, रडून मोकळे व्हा. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. दुकान उघडतो, बंद करतो, जेवायला जे असेल ते जेवतो.

लग्नाची फिल्म इंटरनेटवर स्टुडिओच्या चॅनलवर होती. यंदा एक दिवस मेल आला. गाण्याच्या मालकाने हरकत घेतली आहे, म्हणून फिल्मचा आवाज बंद केला आहे. उघडून पाहिलं. बायको मुलीच्या गालाला हळद लावते आहे, ओठ हलताहेत, आणि सगळं मुकं. मला राग यायला हवा होता. मी चहा मागवला आणि पूर्ण प्यायलो.

मुलगी सुरतला असते. तिचा फोन आला, ती मात्र चांगलीच तापली होती. तिने कुठेतरी वाचलं होतं की डिजिटल काळासाठी कॉपीराइटचा कायदा नव्याने करायचं सरकारच्या मनात आहे, यंत्रांना गाणी शिकवणाऱ्या कंपन्यांनी मालकांना मोबदला द्यावा असं काहीसं चाललं आहे, आणि लोकांकडून सूचना मागवल्या आहेत.

"आबा, तुम्ही लिखा," ती म्हणाली. "ते गानं काढी टाकं तं खाले मायना आवाज ऱ्हाईच ना?"

मी "हा" म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

मग लिहायला बसलो. लग्नात गाणं वाजवायला कायदा सूट देतो, असं आमच्याकडचे एक वकील सांगत. तर त्याच लग्नाच्या फिल्मला ती सूट का नसावी, असं पहिलं वाक्य लिहिलं. ते झकास जमलं. दुसरं लिहिलं, की कोणाचं गाणं काढायचं झालं तर खुशाल काढा, पण त्याखालच्या माणसाचा आवाज राहू द्या. ते लिहून पुन्हा एकदा वाचलं. असा नियम असता तर पहिली नोटीस मलाच आली असती. मालकाने त्याचं गाणं परत नेलं, एवढंच. बायकोचा आवाज त्याच्या कितीतरी आधी मी पुसला होता, एक बटण दाबून, फिल्म छान दिसावी म्हणून.

दुसरं वाक्य खोडलं आणि पहिलं पाठवून दिलं. संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं, खाली काही नाही, तुझ्या आईचा आवाज मीच काढला होता.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाली, "जाऊ द्या, आबा. माय तं गल्लीमा समदास्ना हयदीले गाये. त्या लग्नास्न्या फिल्मी शेतस ना?"

"त्या बी मीच बनाडेल शेतस," मी म्हटलं.